एकाच नावाचे दोन अर्ल : पदवी पुढे जाते म्हणजे नेमकं काय जातं?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘तोच’ या एका शब्दापाशी रेंगाळलो होतो. काल पाहिलेली नदी आणि आज पाहिलेली नदी ‘तीच’ कशी, फळी फळी बदललेली होडी ‘तीच’ कशी, असे प्रश्न आपण घेतले. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की, सर, उदाहरणं फार पुस्तकी होतात. या शब्दावरून खऱ्या आयुष्यात कुणाचं काही अडलंय का? अडलंय. या शब्दावरून एक खटला झाला, त्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि आजही एकाच नावाच्या दोन पदव्या शेजारी शेजारी नांदताहेत. तेव्हा आज पुस्तक मिटून ठेवू आणि एका घराण्याचा इतिहास पाहू. घराणं स्कॉटलंडचं, नाव अर्स्किन. आणि पदवी ‘अर्ल ऑफ मार’.

स्कॉटलंडच्या ईशान्येला, अ‍ॅबर्डीन शहराच्या पश्चिमेकडे, डी आणि डॉन या दोन नद्यांच्या खोऱ्यांत मार नावाचा मुलूख आहे. (आपल्याकडे ‘मार’ म्हटलं की वेगळंच आठवतं. पण या घराण्यानं तोही पुष्कळ खाल्ला, ते पुढे येईलच.) अर्ल ही उमरावांतली एक पायरी. सगळ्यांत वर ड्यूक, मग मार्क्विस, मग अर्ल. मार ही स्कॉटलंडमधल्या अगदी जुन्या अर्लपदांपैकी एक. इतकी जुनी, की तिची सनद कुणी कधी दिली हे विचारण्यात अर्थ नाही. बाराव्या शतकात या मुलखाचे अर्ल कागदपत्रांत दिसू लागतात, पण त्यांचं पद त्याच्याही आधीचं.

या जुन्या काळात अर्लपद म्हणजे मुलूखच. जमीन, किल्ला, न्यायनिवाडा आणि मान, सगळं एकत्र बांधलेलं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. पाटीलकीचं वतन आठवा. वतनाची जमीन होती, तसा होळीच्या पहिल्या पोळीचा आणि पोळ्याच्या पहिल्या बैलाचा मानही होता. जमीन एकाकडे आणि मान दुसऱ्याकडे असं झालं की गावात भांडण ठरलेलं. मारचं भांडणही तिथूनच सुरू होतं.

चौदाव्या शतकात, १३७४ च्या सुमारास, थॉमस नावाचा अर्ल निपुत्रिक वारला. पद त्याच्या बहिणीकडे, मार्गारेटकडे गेलं. मार्गारेटनंतर ते तिच्या मुलीकडे, इझाबेल डगलसकडे आलं. म्हणजे लागोपाठ दोन बायका. त्यांचं पद कुणी नाकारलं नाही. हा मुद्दा बाजूला लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

इझाबेलचा नवरा कैदेत मेला. ती विधवा असताना १४०४ साली अलेक्झांडर स्ट्युअर्ट नावाच्या एका दांडगटानं तिचा किलड्रमीचा किल्ला बळकावला. हा अलेक्झांडर राजाचा पुतण्या, पण अनौरस. ऑगस्टमध्ये त्यानं तिच्याकडून एक दस्त लिहून घेतला, की अर्लपद अलेक्झांडरला आणि त्याच्या वारसांना. हा कागद कसा झाला असेल हे सांगायला नको. महिन्याभरानं, ९ सप्टेंबरला, किल्ल्याच्या दरवाजासमोर एक सोहळा झाला. अलेक्झांडरनं किल्ल्याच्या किल्ल्या इझाबेलच्या हातात दिल्या, आणि त्या किल्ल्या हातात धरून तिनं चारचौघांसमोर सांगितलं की मी स्वखुशीनं या माणसाला नवरा म्हणून निवडते. त्यानंतर झालेल्या नव्या व्यवस्थेत असं ठरलं की दोघांना मूल झालं तर त्याला, नाहीतर पद इझाबेलच्या वारसांकडे परत. राजानं पुढच्या जानेवारीत मंजुरी दिली ती या व्यवस्थेला.

आता बघा, जबरदस्तीचा कागद आणि राजीखुशीचा कागद, दोन्ही एकाच दरवाजात तयार झाले. स्वखुशी म्हणजे काय, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज आपण पुढे जाऊ.

इझाबेल वारली. पुढे १४३५ मध्ये अलेक्झांडरही वारला, मागे औरस मूल नाही. करारानुसार पद इझाबेलच्या वारसांकडे जायला हवं. इझाबेलच्या आईच्या आजोबांची एक मुलगी होती. तिच्या वंशात होते रॉबर्ट अर्स्किन. इथे अर्स्किन मंडळी आपल्या गोष्टीत प्रवेश करतात, आणि करतात ती एका मुलीच्या नात्यानं. १४३८ मध्ये रॉबर्टला वारस म्हणून मान्यता मिळाली आणि तो स्वतःला अर्ल ऑफ मार म्हणवू लागला. पण राजाची नजर त्या मुलखावर होती. अलेक्झांडरनं मधल्या काळात राजाशी परस्पर व्यवहार केला होता, की आपल्यामागे मुलूख राजाला मिळावा. त्याच्या आधारावर राजानं हक्क सांगितला, आणि १४५७ मध्ये अ‍ॅबर्डीनला, राजाच्या उपस्थितीत, अर्स्किनांची वारसाहक्काची मान्यता रद्द ठरवली गेली.

पुढची शंभरेक वर्षं राजे हे पद आपल्या मुलांना देत राहिले. मुलखाचे तुकडेही वाटले गेले. किलड्रमीचा किल्ला आणि भोवतालची जमीन सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या एका घराण्याला मिळाली. त्या घराण्याचं नाव एल्फिन्स्टन. होय, तेच. पेशवाईच्या अखेरीस पुण्याला रेसिडेंट असलेले आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनांचे चिरंजीव. आणि ज्यांच्या नावाचं स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तेही याच घरातले, तेरावे लॉर्ड.

आता येतं १५६५ साल. स्कॉटलंडच्या गादीवर राणी मेरी. तिचे विश्वासू सरदार जॉन, लॉर्ड अर्स्किन. राणीनं जून महिन्यात एक सनद दिली. तिच्यात तिनं म्हटलं की अर्स्किनांच्या पूर्वजांवर अन्याय झाला होता, आणि मारच्या अर्लपदाचा मुलूख त्यांना परत केला. ही सनद ‘वारसांना’ अशी आहे, फक्त पुरुष वारसांना असं तिच्यात नाही. महिन्याभरानं, २९ जुलैला, राणीचं लॉर्ड डार्नलीशी लग्न झालं. २८ जुलैच्या कागदात आपले जॉन ‘लॉर्ड अर्स्किन’ आहेत. १ ऑगस्टच्या कागदात ते ‘अर्ल ऑफ मार’ आहेत. मधल्या तीन-चार दिवसांत काय झालं? पदवी देणारा कुठलाही कागद सापडत नाही. जमीन परत केल्याचा कागद आहे, मानाचा कागद नाही. आजची सगळी गोष्ट या एका न सापडलेल्या कागदाभोवती फिरते.

त्या काळी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. हे जॉन पुढे स्कॉटलंडचे राजप्रतिनिधी झाले आणि १५७२ मध्ये वारले. स्टर्लिंगच्या किल्ल्याची राखण आणि राजपुत्रांचं संगोपन हे तर अर्स्किनांचं जवळजवळ घरचं काम होतं. १६०६ साली उमरावांचा मानाचा क्रम ठरवण्यासाठी आयोग बसला. कागद पाहून कुणी कुठे बसायचं ते त्यानं ठरवलं. मारच्या अर्लना त्यानं जी जागा दिली ती १५६५ च्या कितीतरी आधीच्या पदाला शोभेल अशी. म्हणजे त्या आयोगाच्या दृष्टीनं हे जुनंच पद होतं. त्यांच्या मुलानं दीर्घकाळ खटपट करून १६२६ मध्ये किलड्रमीही एल्फिन्स्टनांकडून परत मिळवलं.

मग ‘मार’ खायची पाळी आली. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचं राज्य एक झालं, त्या एकीकरणाला पाठिंबा देणारे त्या वेळचे अर्ल जॉन अर्स्किन आठ वर्षांनी त्याच राज्याविरुद्ध उभे राहिले. सप्टेंबर १७१५ मध्ये ब्रेमारला त्यांनी पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याचं निशाण उभारलं. नोव्हेंबरात शेरिफम्युरला लढाई झाली, तिचा निकाल धड कुणाच्याच बाजूनं लागला नाही, पण बंड मात्र विझलं. अर्ल परदेशी पळाले. १७१६ मध्ये पदवी आणि मालमत्ता जप्त झाली. बाजू बदलण्याच्या सवयीवरून लोकांनी त्यांना ‘बॉबिंग जॉन’ म्हटलं, म्हणजे वर-खाली हेलकावणारा जॉन.

पदवी परत मिळाली १८२४ मध्ये, संसदेच्या कायद्यानं. मिळाली ती बंडखोर अर्लच्या नातवाला, जॉन फ्रान्सिस अर्स्किन यांना. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. हे नातू कुठल्या बाजूनं? आईच्या. त्यांची आई फ्रान्सिस ही बंडखोर अर्लची मुलगी. पण तिनं लग्न केलं होतं ते आपल्या सख्ख्या चुलतभावाशी, म्हणजे नातू वडिलांच्या बाजूनंही अर्स्किनच, आणि सगळ्यांत जवळचा पुरुष वारसही तेच. मुलीची वाट आणि मुलाची वाट एकाच माणसापाशी येऊन मिळाली. त्यामुळे पद कुठल्या वाटेनं आलं, हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

गरज पडली १८६६ मध्ये. या नातवाचे नातू, त्यांचंही नाव जॉन फ्रान्सिस, अपत्य नसताना वारले. त्यांच्याकडे तोवर आणखी एक पदवी आली होती, अर्ल ऑफ केली. ती १६१९ ची, अर्स्किनांच्याच एका शाखेची, आणि फक्त पुरुष वारसांची. तिच्याबद्दल वाद नव्हता. ती गेली चुलतभावाकडे, वॉल्टर कॉनिंग्जबी अर्स्किन यांच्याकडे. पण मार? मृत अर्लच्या बहिणीचा मुलगा होता, गुडीव्ह आडनावाचा. त्यानं गुडीव्ह-अर्स्किन असं नाव लावलं आणि आपण अर्ल ऑफ मार आहोत असं जाहीर केलं. सुरुवातीला लोकांनी मानलंही. पुढच्याच वर्षी चुलतभावानं अर्ज केला, की मारही माझंच.

भाचा की चुलतभाऊ? प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीपुढे गेलं. चुलतभाऊ निकालाआधीच, १८७२ मध्ये वारले. मुलानं दावा पुढे चालवला. २५ फेब्रुवारी १८७५ ला समितीनं निर्णय दिला तो असा : जुनं अर्लपद पंधराव्या शतकात राजाकडे गेलं, राजांनी ते इतरांना दिलं, तेव्हा ते संपलं. १५६५ च्या जूनमधली सनद जमिनीची आहे, मानाची नाही. म्हणून जुलैअखेरीस राणीनं दिली ती नवीच पदवी. तिचा कागद नाही. आणि कागद नसेल तेव्हा पदवी पुरुष वारसांपुरती आहे असं गृहीत धरायचं. म्हणून अर्ल ऑफ मार केलीचे अर्लच.

म्हणजे तीनशे वर्षं ज्याला सगळे ‘तेच’ म्हणत आले, ते ‘ते’ नव्हतंच!

स्कॉटलंडमध्ये यावर मोठी खळबळ झाली. क्रॉफर्डचे अर्ल अलेक्झांडर लिंडसे यांनी या निकालाविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शेवटी १८८५ मध्ये संसदेनं एक कायदा केला, त्याचं नावच ‘मार अर्लपद पुनःस्थापना कायदा’. समितीचा निकाल मोडायचा नाही, पण जुन्या पदाबद्दल शंका आहे, असं धरून जुनं अर्लपद भाच्याला दिलं गेलं. नवं, १५६५ चं, केलीच्या अर्लांकडे राहिलं. तेव्हापासून दोन अर्ल ऑफ मार आहेत. जुनं पद १९७५ मध्ये मार्गारेट या बाईंकडे आलं, त्या ३१व्या मानल्या जातात. या शतकाच्या सुरुवातीला तर असा योग आला, की त्या आणि मार व केलीचे अर्ल एकाच वेळी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत होते.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. पदवी पुढे जाते म्हणजे काय जातं? आपली पहिली कल्पना अशी असते, की एखादं तांब्याचं भांडं पिढ्यान् पिढ्या हातातून हातात जावं, तशी पदवी जाते. पण भांडं हातात घेऊन पाहता येतं. पदवी दाखवता येत नाही. पदवी म्हणजे खरं तर एक नियम आहे : ‘यानंतर कोण?’ या प्रश्नाचं उत्तर देणारा नियम.

आणि नियमांची गंमत सांगतो. १, २, ४ असे आकडे मी फळ्यावर लिहिले आणि पुढचा विचारला. तुम्ही म्हणाल ८, कारण दर वेळी दुप्पट. दुसरा कुणी म्हणेल ७, कारण आधी १ मिळवला, मग २, आता ३. दोघांचं बरोबर आहे. पहिल्या तीन आकड्यांपर्यंत दोन्ही नियम तेच उत्तर देतात. फरक चौथ्या आकड्याला कळतो. विट्गेनश्टाइननं नियम पाळणं म्हणजे काय यावर जे विचार केले, त्यांच्या मुळाशी हीच अडचण आहे : आजवरच्या वागण्यावरून कुठला नियम पाळला जात होता, हे निर्विवादपणे सांगता येत नाही.

मारचं तसंच झालं. ‘जवळचा वारस, मग तो मुलीकडून का असेना’ हा एक नियम आणि ‘जवळचा पुरुष वारस’ हा दुसरा. १५६५ पासून १८६६ पर्यंत दोन्ही नियम प्रत्येक वेळी एकाच माणसाकडे बोट दाखवत होते. १८६६ हा चौथा आकडा. समितीनं त्या दिवशी इतिहासात काय ‘होतं’ हे शोधलं असं म्हणणं अर्धवट खरं आहे. तिनं नियम ठरवला, आणि मग तो नियम १५६५ पासूनच होता असं मागे जाऊन लिहिलं.

न्यायानं बोलायचं तर समितीचीही बाजू आहे. १४५७ चा निकाल होता. मधल्या राजपुत्रांना पदवी दिली गेली होती हेही खरं. कागद नसताना काहीतरी गृहीत धरल्याशिवाय निकाल देता येत नाही, आणि त्या काळच्या पुष्कळशा सनदा पुरुष वारसांच्या होत्या. पण गृहीतक म्हणजे पुरावा नव्हे, हे आपण विसरायचं नाही. पुराव्याचं ओझं कुणी उचलायचं, एवढंच गृहीतक ठरवतं. कागद हरवला की ज्याच्यावर ओझं तो हरतो. इथे ते ओझं मुलीच्या वाटेवर टाकलं गेलं. १७७१ मध्ये सदरलंडच्या अर्लपदाचा असाच वाद झाला होता. तिथे पाच वर्षांची एलिझाबेथ जिंकली, कारण जुन्या काळात ते पद बाईकडून पुढे गेल्याचं दाखवता आलं. मारमध्ये तर मार्गारेट आणि इझाबेल होत्या, आणि खुद्द अर्स्किनांचा मारवरचा मूळ हक्कच एका मुलीकडून आलेला होता. त्या मुलीला वगळलं तर अर्स्किनांचं मारशी नातंच उरत नाही. म्हणूनच समितीला म्हणावं लागलं, की ते जुनं मार वेगळं आणि हे नवं वेगळं.

जाता जाता एक गोष्ट, आपल्या जवळची. १८६७ मध्ये मारवर दावा सांगणारे ते चुलतभाऊ, वॉल्टर कॉनिंग्जबी अर्स्किन, आयुष्यभर कुठे होते? हिंदुस्थानात, कंपनीच्या लष्करात. १८५७ मध्ये मेजर अर्स्किन जबलपूरला सागर-नर्मदा प्रांताचे कमिशनर होते. जून १८५७ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी परिस्थिती कळवणारी पत्रं पाठवली ती यांनाच. त्यांनी जुलैमध्ये उत्तर दिलं, की कंपनीचा अधिकारी येईपर्यंत झाशीचा कारभार राणींनी पाहावा.

झाशी का गेली होती, हे तुम्हाला सांगायला नको. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले, दत्तक मुलगा दामोदरराव वारस म्हणून मानला गेला नाही, आणि राज्य खालसा झालं. साताऱ्याचं त्याआधीच आणि नागपूरचं त्याच दशकात तेच झालं. गव्हर्नर जनरल होते लॉर्ड डलहौसी, तेही स्कॉटलंडचे उमराव, रॅमसे घराण्यातले. डलहौसी १८६० मध्ये वारले, मागे दोन मुली, मुलगा नाही. त्यांना मिळालेलं मार्क्विसपद त्यांच्याबरोबर संपलं. अर्लपद मात्र चुलत घरात गेलं, तिथे कुणी ‘खालसा’ म्हटलं नाही. आम्ही हे सूडाच्या आनंदानं सांगत नाही. सांगायचं एवढंच, की दत्तक मुलगा ‘तोच’ वंश पुढे नेतो की नाही, आणि मुलीचा मुलगा नेतो की नाही, हे दोन प्रश्न एकाच जातीचे आहेत. रक्त तपासून त्यांचं उत्तर मिळत नाही. नियम कुणी ठरवायचा, आणि कागद नसताना ओझं कुणावर टाकायचं, यावर ते ठरतं.

शेवटी घरचं सांगतो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त आहे. वडाच्या झाडासारखी वंशावळ, फांदीफांदीवर नावं. आमच्या थोरल्या बहिणीचं नाव त्यात आहे, पण तिच्यापाशी फांदी संपते. तिला तीन मुलं, पाच नातवंडं. ती झाडावर नाहीत. आईच्या आजारपणात शेवटची सहा वर्षं आईजवळ होती ती हीच बहीण. आम्ही सत्तरी ओलांडेपर्यंत ते पान अनेकदा उघडलं, पण तिथे काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही. मारची कागदपत्रं वाचताना ते पहिल्यांदा डोळ्यांत खुपलं. नवी आवृत्ती निघते आहे. आम्ही संपादकांना पत्र टाकलं आहे, उत्तर अजून यायचं आहे.

तुमच्या घरी असं झाड असेल तर या आठवड्यात एकदा काढून पाहा, आणि फांद्या कुठे कुठे तुटल्यात ते मोजा. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरुवात करू.